आपाचं घर विकायचं होतं

“ये. आधी संडास बघ. तिथनं सुरू केलं की पुढचं सगळं बरं वाटतं.”

पहिल्या भेटीत आपानं मला ‘बस’ म्हणायच्या आधी हे म्हणलं होतं. मी तीन जिने चढून आलेलो, शर्ट पाठीला चिकटलेला, तोंडातून शब्द फुटत नव्हता. आणि ही बाई दारातल्या स्टुलावर, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसलेली. उठली नाय. बोटानंच दाखवलं. “उजव्या हाताला. कडी लागत नाय. आत गेलं की गाणं म्हणायचं, म्हणजे बाहेरच्याला कळतं.”

जुने फ्लॅट विकून देणाऱ्या एका ऑफिसात मी कामाला आहे. गिऱ्हाइकाला घर दाखवायचं आणि गोड बोलायचं, एवढंच काम. ते मला जमतं, कारण समोरचा जसा बोलतो तसं मला दोन मिनिटांत बोलता येतं. सिल्लोडच्या शाळेत याच गुणापायी हेडमास्तरांचा मार खाल्ला, आता त्याच गुणावर पगार घेतो. पण या गोष्टीत माझं बोलणं कुठंच चाललं नाय, म्हणून माझं एवढंच पुरे.

घर मुकुंदवाडी स्टेशनच्या मागच्या गल्लीत, गंगासागर अपार्टमेंट, तिसरा मजला, त्याच्यावर डायरेक्ट गच्ची. लिफ्ट नाय. नावात गंगा बी आहे आणि सागर बी आहे, नळाला मात्र आठवड्यातून एकदा पाणी. त्याचा बी आपाकडं खुलासा होता. “पाणी पैठणवरून येतं ना, जायकवाडीचं. माझं माहेर आहे ते. माहेरचं माणूस निवांत येणार, बेटा. त्याला घाई करून कसं चालंल?”

अख्खी बिल्डिंग तिला आपाच म्हणायची, आपा म्हणजे थोरली बहीण. दुधवाला बी आपा, समोरच्या देशपांडे आजी बी आपा, आणि त्या आजी तर तिच्याहून मोठ्या होत्या. आपाचं खरं वय कोणालाच माहीत नव्हतं. ती दर वेळी वेगळं सांगायची आणि दर वेळी कमी सांगायची. तशी खोटं बोलायला तिला काही वाटायचं नाय. “चहा करते, पण दूध संपलंय,” असं म्हणायची तेव्हा मागं ओट्यावर दुधाचं पातेलं दिसायचं. गॅलरीतून दोरीला बादली बांधून खाली सोडायची आणि तिसऱ्या मजल्यावरून भाजीवाल्याशी घासाघीस करायची. “कालचा पालक किडका निघाला रे!” असं ओरडायची. कालचा पालक चांगला असायचा. मीच खाल्लेला असायचा तिथं.

खोटं फक्त घराबद्दल बोलायची नाय.

नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पोरबाळ नाय. एवढ्या वर्षांत तिनं फॉल-पिकोवर घर चालवलं. बायका तीन जिने चढून साड्या घेऊन यायच्या. मग गुडघे गेले. मी तिला भेटलो तेव्हा ती वर्षभरात एकदासुद्धा खाली उतरलेली नव्हती. शेवटचं उतरली ती पैठणच्या भावाला मुखत्यारपत्र करून द्यायला, म्हणजे घर विकताना सह्यांसाठी परत उतरायला नको. तेव्हा वर यायला तिला अर्धी दुपार लागली होती.

पैठणला भावाच्या शेजारी दोन खोल्या विकायला निघाल्या होत्या. मालक ओळखीचा, तो म्हणला होता, मे संपेपर्यंत थांबतो, मग दुसऱ्याला देतो. हा फ्लॅट विकला तरच त्या खोल्या घेता येणार होत्या. नाय विकला तर आपा होती तिथंच, तिसऱ्या मजल्यावर, बादली-दोरीला बांधलेली.

“उंबरा ओलांडला की गल्ली,” ती सांगायची. “एक पायरी नाय, बेटा. एक पण नाय.” लोक काश्मीरबद्दल बोलतात तसा तिचा आवाज व्हायचा.

हे सगळं ऐकून मला वाटलं, काम सोपं आहे. मग मी पहिलं गिऱ्हाईक नेलं. बँकेतले साहेब आणि मॅडम.

“साहेब, हवा बघा,” मी सुरू केलं. “दोन्ही बाजूंनी खिडक्या.”

“हवा येते,” आपा स्टुलावरून म्हणली. “संध्याकाळी येते ती नाल्याची असते.”

“वर कोणी राहत नाय. डोक्यावर धपधप नाय.”

“डोक्यावर सूरज आहे. मे महिन्यात पापड फरशीवर टाका, भाजून निघतो.”

“स्टेशन एकदम जवळ.”

“लई जवळ. गाडी आली की फळीवरच्या बशा बोलायला लागतात.”

मी शेवटचं हत्यार काढलं. “शेजार मात्र चांगला आहे, काय आपा?”

“शेजार चांगला आहे,” ती म्हणली. मी श्वास सोडला. “फक्त पहिल्या मजल्यावरचा माणूस पाण्याच्या दिवशी सगळ्यांच्या आधी मोटर लावतो आणि मग देवाला जातो. एवढं सोडलं तर फरिश्ता.”

मॅडम हसल्या. साहेब हसले नाय. दोघं गेले ते गेले.

“आपा, तुम्हाला घर विकायचंय का नाय?”

“विकायचंय ना. विचार माझ्या गुडघ्यांला.”

“मग गप बसा की!”

तेव्हा तिनं मला पैठणीची गोष्ट सांगितली. काम नवं होतं तेव्हा एका बाईनं तिला फॉल लावायला पैठणी दिली. आपानं घडी उलगडली, काठाला फॉल लावला, घडी परत घातली. बाई न्यायला आली, पदराजवळ एक भोक निघालं. भोक आधीचं होतं, पण सांगणार कोणाला? साडी तुझ्या घरात होती म्हणजे भोक तुझं. ते रफू करून देण्यात आपाचे हात भरून आले आणि गल्लीत नाव खराब झालं ते वेगळं. त्या दिवसापासून ती गिऱ्हाइकासमोर अख्खी साडी खाटेवर पसरायची. या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवायची. हा डाग. हा दोरा निघालाय. इथं इस्त्रीनं पिवळं पडलंय. कबूल? समोरची ‘कबूल’ म्हणली की मगच सुई लावायची.

“जो ऐब, म्हणजे खोट, आधी दाखवला तो साडीचा,” ती म्हणली. “नंतर दिसला तो माझा. मैं घर का ऐब लेके पैठण नहीं जाती. उतना बोझा मेरे घुटने नहीं उठाते.”

घर म्हणजे साडी नाय, हे मी तिला लई वेळा सांगून बघितलं. एप्रिल गेला. ऊन असं की जिन्याच्या कठड्याला हात लावला तर चटका. मी गिऱ्हाइकं आणायचो, आपा साडी पसरायची, गिऱ्हाइकं जायची. मग नवीनच त्रास सुरू झाला. ही बाई एवढं सांगते म्हणजे काहीतरी मोठं लपवते, असं लोकांना वाटायला लागलं. एक जण मला खाली पानटपरीपाशी बाजूला घेऊन म्हणला, “खरं सांग, घरात कोणी लटकलंय का?” मी ते वर जाऊन आपाला त्याच्याच आवाजात सांगितलं, मान पुढं काढून, डोळे बारीक करून. ती पदर तोंडाला लावून हसली. मग म्हणली, “माझी पण नक्कल करत असशील ऑफिसात.”

“नाय आपा.”

“झूठा. कर, पण गुडघे नीट पकड. डावा जास्त दुखतो.”

एक जोडपं आलेलं आठवतं. शिकलेले, शांत, नम्र. जिना चढताना नवऱ्यानं मला हळूच विचारलं, “घर कोणाचं आहे?” मी म्हणलं, “एक मावशी राहतात.” “हां, पण कोणाचं?” असं परत विचारलं. मी ऐकू न आल्यासारखं केलं. वर गेल्यावर आपानं नेहमीसारखं पसरायला घेतलं. संडासाची कडी, नाला, बशा, गच्चीचं ऊन. सगळं झालं. मग ती त्याच आवाजात, जराही वेगळा सूर न लावता म्हणली, “आणि घर मुसलमानाचं आहे. काही लोकांला हा पण ऐब वाटतो, म्हणून सांगून टाकते.”

तो माणूस स्वतःच्या चपलांकडं बघत राहिला. बायको म्हणली, “नाही नाही, तसं काही नाही हो,” आणि पाणीसुद्धा न पिता दोघं उतरले. मी दारात उभा. माझ्याकडं एवढे आवाज, त्यातला एक बी त्या वेळी कामाचा नव्हता.

“पंखा वाढव,” आपा म्हणली. “आणि दूध आहे. चहा कर.”

मे अर्धा झाला तसा पैठणच्या भावाचा फोन आला. आपा फोन स्पीकरवर टाकूनच बोलायची, कारण कानाला धरला की हात दुखायचा. त्यामुळं मला बी सगळं ऐकू आलं. “आपा, मालक रोज पूछ रहा है. जरा चूप बैठो ना. घर बिकने दो, फिर जो बोलना है बोलो.”

“बिकने के बाद क्या बोलूँ? खुदा हाफिज?”

“अल्लाह के वास्ते, आपा. एक बार.”

फोन ठेवल्यावर आपा माझ्याकडं न बघता म्हणली, “आण एखादं. बघते चूप राहून.”

दुसऱ्याच दिवशी मी एक मास्तर आणले. आपानं तोंडात मोठं पान कोंबलं होतं, म्हणजे बोलायची सोयच नको. मास्तर फिरले. मी हवा सांगितली, खिडक्या सांगितल्या, स्टेशन सांगितलं. आपाचा जबडा हलत होता, बोटं गुडघ्यावर हलत होती, पण आवाज नाय. मास्तरांना घर आवडलं. उद्या इसार घेऊन येतो म्हणले, हात जोडले आणि उतरायला लागले. मी तर मनातल्या मनात नाचत होतो.

तेवढ्यात आपा उठली. कशाला न धरता उठली. मी तिला तसं उठताना त्याआधी कधी बघितलं नव्हतं. गॅलरीपर्यंत गेली, कुंडीत पान थुंकलं आणि खाली वाकून ओरडली, “ओ सर! पावसात बेडरूम टपकतं! खिडकीच्या कोपऱ्यात!”

गल्लीतली सगळी डोकी वर झाली. मास्तरांनी आभार मानल्यासारखा हात वर केला आणि स्कूटर चालू केली. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला नाय, आणि मी बी केला नाय.

“चिल्ला नक्को,” आपा कठड्याला धरून म्हणली. “मेरेकू मालूम है मैंने क्या किया.”

मी ओरडणार नव्हतोच. तेवढी ताकद कोणात होती? तिला धरून स्टुलावर बसवलं. बराच वेळ ती डावा गुडघा चोळत राहिली. मग म्हणली, “राहते इथंच. मेल्यावर चार जण नेतील जिन्यावरून. वळणावर अडकतील, शिव्या देतील. जिना अरुंद आहे ना.” थोडं थांबून म्हणली, “हे पण सांगायला पाहिजे गिऱ्हाइकाला.”

आणि पुढच्या गिऱ्हाइकाला सांगितलं.

मे संपायला आला तेव्हा भागवत आणि सुनीता आले. तो चिकलठाण्याच्या एका कंपनीत कंत्राटावर, ती घरून डबे करून द्यायची. भाड्याच्या एका खोलीत राहत होते. सोबत भागवतचे वडील, आबा. गावाकडं मेंढरं राखण्यात जन्म गेलेला माणूस, मेच्या उन्हात बी खांद्यावर घोंगडी. भर दुपारची वेळ. मी त्यांना ती वेळ दिली नव्हती, आबांनीच मागितली होती.

माझ्यात आता गोड बोलायचं काही उरलं नव्हतं. मी भिंतीला टेकलो आणि म्हणलं, “आपा, करा सुरू.”

“पाणी आठवड्याला येतं,” आपा म्हणली.

“वार ठरलेला असतो का?” सुनीतानं विचारलं.

“असतो.”

“मग बरंय. आमच्याकडं वार बी नाय.”

“जिना अरुंद आहे.”

“आम्ही बी काय जाड नाय.”

“बेडरूम टपकतं.”

भागवतनं कोपरा बघितला, भिंतीवर टकटक केलं. “वरून डांबर मारावं लागंल,” एवढंच म्हणला.

“घर मुसलमानाचं आहे.”

“मग?” सुनीता म्हणली.

“मग काय नाय,” आपा म्हणली, आणि पहिल्यांदाच तिला पुढचा ऐब आठवंना.

आबा मात्र काहीच विचारत नव्हते. सगळ्या घरातून एक फेरी मारली, हॉलच्या मधोमध थांबले आणि म्हणले, “जरा आडवा होऊ का?”

भागवत लाजला. “आबा, लोकाच्या घरात काय...” मग मला म्हणला, “त्यांची सवय आहे हो. मेंढरं घेऊन फिरायचो तवा तळ टाकायच्या आधी आबा त्या रानात आडवे व्हायचे. झोप लागली तर तिथं मुक्काम. नाय लागली तर सगळं उचलून पुढं. मग कितीबी अंधार होऊ द्या.”

मी घड्याळाकडं बघितलं, वर तापलेल्या स्लॅबकडं बघितलं. गेलं हे बी, म्हणलं.

“बाबा, आत्ताच सांगते,” आपा म्हणली, “फरशी तापलेली आहे. दुपारी इथं मलाच झोप येत नाय.”

“बघतो,” आबा म्हणले. घोंगडी अंथरली, फेटा उशाला घेतला आणि डोळे मिटले.

आम्ही तिघं उभे, आपा स्टुलावर. पंखा गरम हवा खाली ढकलत होता. तेवढ्यात स्टेशनात गाडी आली आणि फळीवरच्या बशा वाजायला लागल्या. आपानं माझ्याकडं असं बघितलं की मी धावत जाऊन फळीवर दोन्ही हात दाबून धरले. गाडी गेली. आबांचा एक डोळा उघडला, परत मिटला.

आणि मग घोरणं सुरू झालं. आधी बारीक, मग चांगलं ऐसपैस.

सुनीता हळूच खाली बसली. आपानं कुजबुजत चहा करायला सांगितला, दूध कुठं आहे ते बी सांगितलं. चहा झाला, पिऊन झाला, कप विसळून झाले. दारावर भंगारवाला ओरडला तर आपानं त्याला हातानंच असं हाकललं की तो गल्ली सोडून गेला. ती आबांकडं बघत होती. तिच्याच घरात, तिच्याच फरशीवर एक परका म्हातारा घोरत होता, आणि ती जागची हलत नव्हती.

आबा उठले, फेटा बांधला. “लागली,” म्हणले.

भागवत माझ्याकडं वळला. “कागद कधी करायचे?”

मी तोंड उघडणार तेवढ्यात आपा बोलली. “बाबा, ऊन खाऊन आलात, थकल्यामुळं लागली असंल. उद्या परत येऊन झोपून बघा पाहिजे तर.”

मी कपाळाला हात लावला.

“थकल्यावरच झोपायचं असतं, बाई,” आबा म्हणले आणि घोंगडी झटकायला लागले.

सह्या भावानं येऊन केल्या. पैठणच्या खोल्यांचा मालक आणखी थोडे दिवस थांबला. आपा निघाली त्या दिवशी सामान असं काही नव्हतं: शिलाई मशीन, खाट, दोन पेट्या, बशा. ते चिरलेल्या आरशाच्या एका टेम्पोत चढलं आणि मग प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून आम्ही आपाला उतरवलं, मी आणि तिचा भाऊ. भागवत कंपनीत गेला होता. सुनीता वर घर झाडत होती. वळणावर खुर्ची खरंच अडकली आणि भावानं खरंच शिवी दिली. आपा खुर्चीतून म्हणली, “मी जिंदा आहे अजून. हळू.”

खाली आल्यावर तिला लगेच टेम्पोत बसायचं नव्हतं. उभं करा म्हणली. आम्ही दोन्हीकडून धरलं. पायाखालची जमीन तिनं चपलेनं जराशी दाबून बघितली. मग मान वर करून आपल्या घराकडं बघितलं. बघतच राहिली. मला वाटलं, आता रडंल.

“ते काय आहे?” ती म्हणली. “गॅलरीच्या खाली?”

गॅलरीच्या खालचं प्लॅस्टर सुटलं होतं. आतल्या सळया दिसत होत्या, गंजून लाल झालेल्या.

“हे मी सांगितलंच नाय,” आपा म्हणली. तिचा चेहरा उतरला. “वरून दिसत नाय ना ते. मी तर वरच होते.”

“आपा, सह्या झाल्या. पैसे झाले. चला आता.”

“म्हणून तर. आता दिसला म्हणजे माझा झाला.” तिनं माझं मनगट धरलं. “जा. सांगून ये तिला.”

मागं पाण्याचा टँकर येऊन थांबला होता. टेम्पोनं गल्ली अडवलेली, टँकरवाला हॉर्नवरचा हात काढत नव्हता. भावानं आपाला ड्रायव्हरच्या शेजारी बसवायला घेतलं आणि मी परत ते तीन जिने चढलो.

सुनीता पदर खोचून झाडत होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं: गॅलरी, प्लॅस्टर, सळया, आपानं पाठवलंय.

“ते होय?” ती म्हणली. “पहिल्या दिवशीच दिसलं की. आम्ही खालूनच आलो होतो ना.”

मी गॅलरीत धावलो. टेम्पो हलला होता. “आपा!” मी ओरडलो. “त्यांना माहीत होतं! आले तेव्हाच दिसलं होतं!” टँकरचा हॉर्न वाजतच होता. कोपऱ्यावर टेम्पो वळताना खिडकीतून तिचा हात बाहेर आला. मला वाटलं, मला दाखवतेय. पण तो हात टेम्पोच्या बाजूच्या आरशाकडं गेला, आणि मी वरून बघितलं, ती ड्रायव्हरला आरशावरची चीर दाखवत होती.